गादी आहे, गोधडी नाही

साळवेबाई एखाद्याला ‘साहेब’ म्हणू लागल्या की त्या माणसाचं काही खरं नाही, असं आमच्या सोसायटीत समजलं जायचं. एरवी त्या कुणाला साहेब म्हणत नसत. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून नोकरी केलेली. तिथं जन्माला पुरेल एवढं साहेब-साहेब करून झालंय, असं त्यांचं म्हणणं. दूधवाला ‘भाऊ’, डॉक्टर नुसतेच ‘डॉक्टर’, आणि सोसायटीचे चेअरमन ‘ओ मोरे’. पण कुणी मनातून उतरला की आवाज एकदम ऑपरेटरचा व्हायचा, गोड आणि सपाट. ‘हं, बोला साहेब.’ ज्याला हे माहीत नव्हतं तो खूश व्हायचा. आम्ही त्याच्याकडे दयेनं बघायचो.

बाई जाऊन आता वर्ष होईल. नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला आमची सोसायटी आहे आणि आमचे दोघींचे दरवाजे समोरासमोर होते. मला त्या ‘शैला’ म्हणायच्या आणि भाजी निवडायला माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. त्या गेल्यावर लोक भेटायला आले, तेव्हा जो तो म्हणाला, ‘किती प्रेमळ होत्या.’ प्रेमळ होत्या, खोटं कशाला बोलू? पण बाईंचा राग सांगितल्याशिवाय बाई सांगून होत नाहीत. तो राग त्यांनी लोणच्यासारखा सांभाळला. बरणी पुसायच्या, झाकण घट्ट लावायच्या आणि मुरू द्यायच्या.

मोऱ्यांचंच घ्या. आवारात बाईंनी लावलेलं कढीपत्त्याचं झाड होतं. सगळी सोसायटी त्याच्या जिवावर फोडण्या द्यायची. मोऱ्यांची नवी गाडी त्याच्याखाली लागायची आणि पक्षी तिच्यावर घाण करायचे, म्हणून बाई लेकीकडे गेल्या असताना मोऱ्यांनी झाड तोडून टाकलं. बाई परत आल्या, बुंध्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘छान केलंत साहेब, गाडी स्वच्छ राहील.’ मग त्यांनी गच्चीत कुंड्यांमधून कढीपत्ता वाढवला आणि दर आठवड्याला घरोघर जुडी पोचवू लागल्या. मोऱ्यांच्याही घरी. फक्त मोरेवहिनींच्या हातात जुडी देताना, मोरे ऐकतील अशा आवाजात सांगायच्या, ‘पोहे तुम्ही खा. त्यांच्या बशीत मात्र पान जाऊ देऊ नका हं, त्यांना झाडाचा त्रास होतो.’ हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी मोऱ्यांनी स्वतः खड्डा खणून तिथं कढीपत्त्याचं रोप लावलं. बाईंनी त्याला पाणीही घातलं, पण ‘साहेब’ काही सुटलं नाही.

बाईंचे यजमान साळवेकाका नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, अंगानं भरलेले आणि अतिशय शांत. ‘जाऊ दे गं’ हे त्यांचं एकच वाक्य. बाई दर रविवारी विहारात वंदनेला जायच्या. एकदा तिथून आल्यावर काका हळूच म्हणाले, ‘आज भन्तेजी मैत्रीबद्दल बोलले ना? सगळ्या प्राणिमात्रांबद्दल मैत्री.’ बाई चप्पल काढता काढता म्हणाल्या, ‘आहे ना माझी. मोरे सोडून सगळ्यांशी आहे.’

हे सगळं गमतीतलं झालं. गादीचं प्रकरण गमतीतलं नव्हतं.

काकांच्या मणक्याचं दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, चांगली गादी घ्या, जमलं तर लेटेक्सची. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेला फोम, एवढंच तेव्हा आम्हाला माहीत. शहरातल्या एका मोठ्या शोरूममधून बाईंनी ‘शुद्ध लेटेक्स’ची गादी आणली. शोरूमचं नाव बाईंनी नंतर कधी घेतलं नाही, मीही घेत नाही. गादी पहिल्यांदा छान वाटली. मग एका पावसाळ्यात तिला मधोमध काकांच्या आकाराचा खड्डा पडला. काका त्या खड्ड्यात झोपायचे आणि सकाळी त्यांना उठवायला मी आणि बाई दोघी लागायचो.

तक्रारीचे बरेच फोन झाल्यावर शोरूमचा मालक स्वतः आला. साधारण पन्नाशीचा, परीटघडीचा शर्ट, अंगाला अत्तर. मी तिथंच होते. दारातून आत आल्यावर त्यानं भिंतीवरच्या तसबिरींकडे एकदा बघितलं. बाईंनी पाणी पुढं केलं, तर ‘नको नको, आत्ताच घेतलं’ म्हणाला. पलंगावर बाईंच्या आईनं शिवलेली गोधडी अंथरलेली होती. बाईंचं माहेर नांदगावकडचं. आईची जुनी लुगडी, वडिलांचे सदरे, मधोमध आई फक्त जयंतीला नेसायची त्या पांढऱ्या साडीचा मोठा तुकडा, कोपऱ्यांना निळी ठिगळं आणि सगळीकडून मुंगीच्या रांगेसारखा बारीक धावदोरा. त्या माणसानं ती गोधडी दोन बोटांनी, कोपऱ्याला धरून उचलली आणि जमिनीवर टाकली. ठेवली नाही, टाकली. मग गादीवरून हात फिरवत विचारलं, ‘उन्हात घातली होती का?’

‘घातली होती,’ बाई म्हणाल्या. दसऱ्याच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण गच्चीत नेऊन वाळवायचं, हे आपल्याकडे कोण करत नाही? गादी वर न्यायला मीच हात लावला होता.

‘मग संपलं की मॅडम. लेटेक्सला ऊन चालत नाही. गॅरंटी गेली.’ आणि खाली पडलेल्या गोधडीकडे बघून तो हसला. ‘ही गादी आहे, गोधडी नाही. तुम्हा लोकांना सवय नसते, मला कळतं. हळूहळू होईल.’

‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कुणाला, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. काका खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी मात्र खाली वाकून गोधडी उचलली, झटकली, छातीशी धरली आणि ऑपरेटरच्या आवाजात म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत साहेब.’

तो गेल्यावर काका म्हणाले, ‘जाऊ दे गं.’ बाईंनी शिवणाची मोठी कात्री आणली आणि गादीचं पोट फाडलं.

आत वरच्या बाजूला बोटभर जाडीचा पांढरट थर होता आणि त्याखाली सगळा चुरा. वेगवेगळ्या रंगांच्या फोमचे बारीक तुकडे एकत्र चिकटवून दाबलेले असतात, तसला. बाई त्या चुऱ्यात हात घालून बराच वेळ बसल्या. मग मला म्हणाल्या, ‘हा चुरा आहे ते कळतंय शैला. पण हे वरचं तरी लेटेक्स आहे का?’

ते कळण्यासाठी आम्ही जुन्या नाशकात मुश्ताकभाईंच्या दुकानात गेलो. फोम, काथ्या, गादीचे कपडे, सगळं छतापर्यंत रचलेलं. केरळातून त्यांच्याकडे लेटेक्सचे थर यायचे. ते पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मला नवल वाटलं. दिसायला हलके, उचलायला मणाचे. दोघींनी दोन टोकं धरली तरी मधून ओल्या चादरीसारखे लोंबत होते. फुग्याचा येतो तसा थोडा गोडसर वास. बाईंनी आपला तुकडा पुढं केला. मुश्ताकभाई म्हणाले, ‘बाई, मी दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवत नाही. धंदा आहे.’ बाईंनी बरंच विचारलं, पण ते दाद देईनात. निघताना एक खऱ्या लेटेक्सची कापलेली पट्टी त्यांनी तशीच बाईंच्या पिशवीत टाकली.

रिक्षात बाई एकदम म्हणाल्या, ‘त्यानं काय सांगितलं होतं? लेटेक्सला ऊन चालत नाही. बघूया ना मग.’

त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीत एका बाजूला माझ्या कुरडया आणि दुसऱ्या बाजूला बाईंच्या दोन पट्ट्या वाळत होत्या. एक मुश्ताकभाईंची, एक शोरूमची. बाई रोज दोन्ही पट्ट्या उलटायच्या, दाबून बघायच्या आणि कावळ्यांना हाकलायच्या. नाशिकचं चैत्रातलं ऊन म्हणजे काय सांगायचं? मुश्ताकभाईंची पट्टी पिवळी पडली, वरून कडक झाली आणि मग बोट लावलं की तिचे पापडासारखे पापुद्रे सुटायला लागले. शोरूमची पट्टीही पिवळी पडली, पण दाबली की परत वर यायची, जशीच्या तशी. उन्हानं तिचं काही बिघडलं नाही, कारण ती लेटेक्स नव्हतीच. ज्या कारणानं त्यानं बाईंना वाटेला लावलं, त्याच कारणानं तो उघडा पडला. बाई त्या दिवशी गच्चीत मोठ्यांदा हसल्या. मी त्यांना तशा हसताना फार कमी बघितलंय.

अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, लग्नघरातली माणसं मुलीला गादी-पलंग द्यायला म्हणून शोरूममध्ये गर्दी करतात, त्या दिवसांत आम्ही गेलो. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. काउंटरवर दोन्ही पट्ट्या मांडल्या आणि सबंध दुकानाला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, ‘साहेब, ही तुमची, ही खरी. दोन्ही एकाच उन्हात ठेवल्या होत्या. खरीचा पापड झाला. तुमच्या लेटेक्सला ऊन अगदी मानवलं बघा.’

गिऱ्हाइकं जवळ आली. एका बाईनं पट्टी हातात घेऊन मोडून बघितली. मालकाचा चेहरा उतरला. त्यानं आम्हाला बाजूला घेतलं. नवी गादी देतो म्हणाला, पैसे परत देतो म्हणाला.

‘नको,’ बाई म्हणाल्या.

‘मग काय पाहिजे तुम्हाला मॅडम?’

‘माझ्या आईची गोधडी तुम्ही जमिनीवर टाकलीत. ती उचलायला या. दोन्ही हातांनी.’

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला. ‘अहो, काय बोलताय? एवढ्याशा गोष्टीसाठी...’

‘बरं साहेब,’ म्हणून बाई वळल्या. पट्ट्या त्यांनी परत पिशवीत घातल्या. येताना मी म्हटलं, ‘बाई, गोधडी तर तुम्ही तेव्हाच उचलली. कपाटात आहे.’ त्या म्हणाल्या, ‘माझ्यासाठी ती तिथंच पडलीय.’

तो अर्थातच आला नाही. मग बाईंनी जे केलं, ते मी फार जवळून बघितलं आणि मला ते मनापासून आवडलं. त्यांनी काकांसाठी स्वतः गादी बनवली. बनवली म्हणजे थर निवडून एकावर एक रचले आणि देवळाली गावातल्या शिंप्याकडून चेनवाली सुती खोळ शिवून घेतली. काका तिच्यावर सरळ झोपायला लागले आणि सकाळी आपले आपण उठायला लागले, तशा इतर पाठदुखीवाल्यांच्या चौकशा सुरू झाल्या. बाई कुणालाही नाही म्हणाल्या नाहीत. लग्न ठरलेली घरं तर हक्काची. प्रत्येकाला घेऊन मुश्ताकभाईंकडे जायचं, थर निवडून द्यायचे आणि बदल्यात चहासुद्धा घ्यायचा नाही. फुकट कशाला करता, असं मी विचारलं तर म्हणाल्या, ‘फुकट कुठं? एक एक गिऱ्हाईक मोजून घेतेय मी त्याचं.’

स्वस्तात चांगली गादी कशी करायची, याची बाईंची पद्धत पक्की होती. सबंध गादी लेटेक्सची करायची नाही, तो निव्वळ दिखावा. तळाला काथ्याचा जाड थर. काथ्या स्वस्त, खाली कुणाचं अंग पोचत नाही. त्यावर कडक लेटेक्स. इथं सेकंडचा माल चालतो. कारखान्यातून जोड देऊन आलेला, कडेला फाटलेला, भोकं पडलेला. त्या जोडावर बाई गुडघ्यानं दाब देऊन बघायच्या, उकलला नाही की घ्यायचा. सगळ्यात वर मऊ लेटेक्स, तो मात्र अखंड, तिथं काटकसर नाही. आणि थर कधीही एकमेकांना चिकटवायचे नाहीत. ‘वरचा दबला की तेवढाच बदलता आला पाहिजे. चिकटवून विकतात ते तुम्ही आत बघू नये म्हणून.’

गिऱ्हाइकाला दुकानाच्या फरशीवर थर रचून त्यावर कुशीवर झोपवायचं, हा त्यांचा नियम. भले भले लाजायचे. मुश्ताकभाई शटर अर्धं ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘झोपा, झोपा. बाईंसमोर कलेक्टर आला तरी झोपावं लागेल.’ बाई मग त्या माणसाच्या कमरेखालच्या पोकळीत हात सरकवायच्या. हात सहज आरपार गेला तर थर कडक, हात शिरतच नसेल तर फार मऊ. घासून गेला की ठीक. शेवटी एक ताकीद असायची, ‘उन्हात घालायची नाही. सावलीत, वाऱ्यावर. पुढचं ऐकायचं असेल तर मला विचारा कोण काय म्हणालं होतं.’ मग लोक विचारायचेच आणि बाई सगळं सांगायच्या, गोधडीसकट. नाशिक रोडच्या निम्म्या घरांत ती गोष्ट पोचली. जेल रोडकडचं लग्नाचं गिऱ्हाईक त्या शोरूमकडे फिरकेनासं झालं.

आणि मग एक दिवस त्या मालकाची बायको आमच्या जिन्यात उभी राहिली.

तिनं काही लपवलं नाही. सासूबाई पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या. दुकानातल्या चार गाद्या बदलून झाल्या, पण पाठ सोलवटली होती. ‘मला माहितीये त्यांनी तुमच्याशी काय केलं,’ ती म्हणाली. ‘पण त्या दिवसभर कण्हतात हो. तुम्ही बघाल का?’

‘बघते ना,’ बाई लगेच म्हणाल्या.

मला धडकी भरली. बाई इतक्या पटकन हो कधीच म्हणायच्या नाहीत. मुश्ताकभाईंकडे त्या थर निवडत होत्या तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांवर होतं. मला वाटलं, आता ह्या खाली फाटका माल घालणार, वरचा थर जुना उचलणार. म्हातारीच्या पाठीवर सूड उगवणार. मी हळूच म्हणालेही, ‘बाई, ती म्हातारी आहे.’ बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि पुढचा थर ओढला. त्या दिवशी त्यांनी जेवढे थर उलगडून पाहिले तेवढे काकांसाठीसुद्धा पाहिले नव्हते. म्हातारी हलकी, हडकलेली, म्हणून वरचा थर जास्त मऊ आणि जास्त जाड. मधला कडक, पण फार नाही. मऊ थरात कुठं गाठ तर नाही, म्हणून त्यांनी त्यावर गाल टेकवून सगळीकडून बघितलं. खर्च मात्र नेहमीसारखाच, जोडाचा माल खाली घालून वाचवलेला. त्यांनी केलेली ती सगळ्यात चांगली गादी होती, हे मी शपथेवर सांगेन.

ती घेऊन आम्ही त्यांच्या बंगल्यावर गेलो, तेव्हा बाईंच्या काखेत एक पिशवी होती. मालक घरीच होता. आम्हाला बघून तो गडबडला. बाई म्हणाल्या, ‘थर जड आहेत साहेब, जरा उचलता?’ आणि त्यानं टेम्पोतून एकेक थर उचलून, घामाघूम होत वरच्या खोलीत नेला. ‘हा खाली. हा मधे. सरळ करा, चुणी राहिली.’ तो निमूटपणे करत होता. सून आणि मी म्हातारीला धरून खुर्चीत बसवत होतो, तेव्हा बाई त्याला म्हणाल्या, ‘साहेब, पाणी देता?’ तो पाणी घेऊन आला. बाईंनी भांडं रिकामं केलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

मग त्यांनी पिशवीतून आईची गोधडी काढली आणि नव्या गादीवर अंथरली. म्हातारीला तिच्यावर निजवलं. ती जरा वेळ डोळे मिटून पडून राहिली. कण्हणं थांबलं. मग तिचा हात त्या पांढऱ्या तुकड्यावरून फिरायला लागला, धावदोऱ्यावरून, ओळीनं.

‘कुणी शिवली गं ही?’

‘माझ्या आईनं.’

‘माझी आई अशीच शिवायची. लय बारीक टाका हाय.’ म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘हिच्यावर झोप लागेल मला.’

बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग सुनेला म्हणाल्या, ‘जरा कुशीवर घ्या त्यांना.’ आणि गोधडी हळूच ओढून काढून घेतली. घडी घालायला लागल्या.

म्हातारीचा हात गादीवर चाचपडत राहिला. मालक पुढं आला. ‘मॅडम, राहू द्या ना. आई मागतेय.’ त्यानं गोधडीची दुसरी बाजू धरली. दोन्ही हातांनी. ‘मी चुकलो तेव्हा. मी हात जोडतो, पण ही असू द्या.’ त्याला खरंच रडू येत होतं. मला वाटलं, झालं. बाईंना हवं होतं ते मिळालं, आता देतील.

बाईंनी त्याच्या हातांतून गोधडी सोडवून घेतली. घडी पूर्ण केली, पिशवीत घातली.

‘तुम्हाला दिली ती गादी आहे साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘गोधडी नाही. सवय होईल त्यांना, हळूहळू.’

जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. परतीच्या रिक्षात त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. इतक्या वर्षांचं साधलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. द्वारका चौकातला सिग्नल लागला तेव्हा बाई अचानक म्हणाल्या, ‘म्हातारीचं काय चुकलं होतं गं, शैला?’

‘परत जाऊया का?’ मी विचारलं. रिक्षावाल्यानंही मागं वळून बघितलं.

बाई पिशवीत हात घालून गोधडीवरून बोटं फिरवत होत्या, म्हातारीनं फिरवली होती तशीच, टाक्यांच्या ओळीनं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते त्या पुसत नव्हत्या. त्यानंतरच्या थंडीत त्या गेल्या, आणि त्यांची आठवण आली की मला त्या अशाच दिसतात.

सिग्नल सुटला.

‘सरळ घ्या, भाऊ,’ बाई रिक्षावाल्याला म्हणाल्या. ‘नाशिक रोड.’